फोटोआधी कापड

तुळशीची लग्ने लागली की थंडी आणि लग्नसराई एकदमच दारात येतात आणि आपल्या दुकानांत कोटांच्या ऑर्डरी सुरू होतात. अलीकडे या ऑर्डरींचा सूर बदलला आहे. पंचविशीतला मुलगा काउंटरवर मोबाइल ठेवतो आणि म्हणतो, ‘मास्टर, अगदी असाच पाहिजे.’ पडद्यावर ‘पीकी ब्लाइंडर्स’ या इंग्लिश मालिकेतला जाड ट्वीडचा थ्री-पीस असतो, त्यावर गुडघ्याखाली जाणारा ओव्हरकोट असतो. कोणाला ट्रेंच कोट हवा असतो, कोणाला आजोबांच्या लग्नाच्या फोटोतला रुंद लॅपलचा डबल ब्रेस्ट. तयार कपड्यांनी भरलेल्या बाजारातून वाट काढून हा तरुण मापाचा कोट शिवायला आपल्या पायरीवर येतो. त्याचे समाधान झाले तर तो आयुष्यभराचे गिऱ्हाईक होईल. म्हणूनच निवडीचे काम त्याच्यावर आणि त्याच्या फोटोवर सोडून आपण फक्त टेप हातात घेणे बरोबर नाही.

फोटोत रंग दिसतो, लॅपलची रुंदी दिसते, बटणे मोजता येतात. कापडाचे वजन मात्र दिसत नाही आणि जुन्या कोटाचे सगळे रूप त्या वजनात असते. मालिकेची गोष्ट १९१९ सालच्या बर्मिंगहॅममध्ये सुरू होते. त्या काळी घरातल्या एखाद्या खोलीत कोळशाची शेगडी पेटायची, बाकीचे घर गारठलेले असायचे. त्यामुळे सुटाचे कापडही १६ ते २० औंसांचे, म्हणजे मीटरला साधारण ५०० ते ६०० ग्रॅमचे असे. आज आपण रोज कापतो ते सुटिंग २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असते. जुन्या कोटाचा पुढचा भाग सरळ उभा राहतो आणि घेर एका वळणात खाली येतो, तो या जड कापडामुळे. तोच पॅटर्न पातळ पॉलिएस्टर-व्हिस्कोसवर बेतला तर कोट अंगावर लोंबतो आणि दोष शिवणाऱ्याच्या माथी येतो. उलट, हट्टाने ६०० ग्रॅमचे कापड लावले तर पुण्यात सकाळी अकरा वाजता तो कोट हातावर येतो आणि पुढे कपाटात पडून राहतो.

म्हणून माप घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कोट कुठे घालणार? कशावर घालणार? जाणार-येणार कशाने?

पुणे-नाशिककडे पौषात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीकडे सरकतो. अशा हवेला ३०० ते ३५० ग्रॅमचे ट्वीड किंवा फ्लॅनेल पुरते. अस्तर अर्धेच लावावे, पाठीचा खालचा भाग मोकळा ठेवावा. अर्ध्या अस्तराला कापड कमी आणि मेहनत जास्त लागते, कारण आतली प्रत्येक शिवण उघडी राहते आणि तिला पायपिंग करून साफ करावे लागते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, म्हणजे मजुरीवरून वाद होत नाही. मुंबईकराला ट्वीडचा रंग आणि पोत आवडला असेल तर त्याच रंगात हॉपसॅकसारखी मोकळ्या विणीची हलकी लोकर दाखवावी. त्यातून वारा खेळतो.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेला मुलगा आला तर हिशेब वेगळा. लंडनची थंडी ओली आणि वाऱ्याची. तिथे ६०० ग्रॅमच्या पुढचे दाट मेल्टन हवे. टोरांटोला जाणाऱ्याला स्पष्ट सांगावे की शून्याच्या खाली वीस अंशांत लोकरीचा कोट एकटा पुरणार नाही, बर्फातल्या दिवसांसाठी भरीव जाकीट वेगळे घ्यावे लागेल. ट्रेंच कोटाबाबतही असाच गैरसमज असतो. थॉमस बर्बरी यांनी १८७९मध्ये आणलेले गॅबर्डिन पाऊस आणि वारा अडवण्यासाठी होते, ऊब देण्यासाठी नव्हे. उबेसाठी जुन्या ट्रेंच कोटांना आतून काढता-घालता येणारे लोकरी अस्तर असे. ते लावणार नसू तर ‘थंडीचा कोट’ म्हणून तो विकू नये.

तिसऱ्या प्रश्नाकडे आपण फार कमी लक्ष देतो. आपले बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवर फिरते. गुडघ्याखाली जाणारा ओव्हरकोट मोटारसायकलवर धोक्याचा आहे, त्याचा घेर चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतो. अशा माणसाला खलाशांच्या पी-कोटाची धाटणी सुचवावी. लांबी मांडीच्या मध्यापर्यंत, छातीवर दोन पदर, उभी करता येईल अशी रुंद कॉलर. समोरून येणारा वारा दुहेरी पदराने अडतो आणि जुन्या धाटणीची हौसही पुरी होते. ओव्हरकोट शिवायचाच असेल तर माप शर्टावर घेऊ नये. जो कोट आत घालायचा तो अंगावर चढवून माप घ्यावे आणि ट्रायलही त्यावरच द्यावी.

‘जुना’ म्हणजे कोणत्या दशकातला, हेही विचारून घ्यावे. लंडनच्या सॅव्हिल रोवर फ्रेडरिक शोल्टे यांनी गार्ड्सच्या अधिकाऱ्यांचे ग्रेटकोट पाहून छातीत आणि पाठीत थोडे जास्तीचे कापड सोडणारी जी बेतणी रूढ केली, ती १९३०च्या दशकाची ओळख ठरली. पुढे युद्ध आले. ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशन लागले आणि १९४२च्या काटकसरीच्या नियमांनी डबल ब्रेस्ट कोट आणि पॅंटची उलटी पट्टी बंद झाली, खिसे आणि बटणेही मोजून मिळू लागली. म्हणजे अवघ्या दहा वर्षांच्या अंतराने कोटाचे अंग बदलते. हा तपशील ज्या मास्टरला ठाऊक आहे, त्याच्या शब्दावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते.

आता आतल्या कामाविषयी. दुरुस्तीला आलेला एखादा चांगला जुना कोट अस्तर उसवून आपल्या पोरांना जरूर दाखवा. पुढच्या भागात घोड्याच्या केसांच्या आडव्या धाग्याचा कॅनव्हास असतो, कापण्याआधी भिजवून वाळवलेला. लॅपलच्या आत तिरप्या टाक्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. प्रत्येक टाका वरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलतो, त्यामुळे समोरून काही कळत नाही. टाके घालताना कारागिराने लॅपल डाव्या हाताच्या बोटांवर वळवून धरलेली असते, म्हणून ते वळण तिच्या अंगात मुरते. इस्त्रीने चपटी केली तरी ती पुन्हा आपल्या जागी गोल होते. फ्युजिंगमध्ये हे काम डिंक करतो. वारंवार ड्रायक्लीनिंग झाले की डिंक सुटतो आणि छातीवर फुगे येतात. दुसरी पाहण्याजोगी जागा मुंढ्याची. जुन्या कोटाचा मुंढा वर, काखेच्या जवळ असतो. हात उंचावला तर बाहीच तेवढी हलते, कोट गळ्यापाशी चढत नाही. तयार कोट अनेक अंगांना बसवायचा म्हणून त्याचा मुंढा खाली कापतात. तिथेच आपल्या मापाच्या कोटाची खरी सरशी आहे आणि त्यासाठी जादा कापडही लागत नाही, लागते ती फक्त नीट घेतलेली ट्रायल.

जुन्या धाटणीचा शोध विलायतेपाशीच थांबवण्याचेही कारण नाही. धोतरावर गळाबंद लांब कोट घालणारे मास्तर, वकील, कारकून यांच्या तसबिरी महाराष्ट्रात घरोघर आहेत. गळ्यापर्यंत बंद होणारा तो कोट थंडीत टायशिवाय छाती झाकतो, आजच्या पॅंटवरही शोभतो आणि आपल्या हवेला बेतलेला आहे. १९२५ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या रेमंड गिरणीमुळे लोकरी कापडाची परंपराही आपल्या दाराशीच घडली.

आणि एक कोट असा आहे की त्याची ऑर्डर घेताना आपण जास्त जबाबदारीने वागायला हवे. ‘बाबासाहेबांसारखा सूट’ मागणारी माणसे नागपुरापासून मुंबईपर्यंत प्रत्येक टेलरकडे येतात. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले, आणि तिथला नीट बेतलेला सूट त्यांनी परतल्यावरही सोडला नाही. ज्या समाजाला चांगले कपडे अंगावर घालण्याचीही मनाई होती, त्याच्यासाठी त्या सुटाचा अर्थ स्वाभिमान असा आहे. तेव्हा असे गिऱ्हाईक आले की फक्त निळा रंग जुळवून मोकळे होऊ नका. बाबासाहेबांची छायाचित्रे नीट पाहा. खांदा, कॉलरची उंची, वेस्टकोटाची लांबी त्यावरून ठरवा. कमी बजेटच्या ऑर्डरीलाही हे लक्ष मिळालेच पाहिजे.

पैशांचे बोलणेही मोकळेपणाने व्हावे. हाताने पॅडिंग केलेल्या पूर्ण कॅनव्हासच्या कोटाला फ्युजिंगच्या कोटाच्या कितीतरी पट तास लागतात. ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी छातीपुरता अर्धा कॅनव्हास हा प्रामाणिक मधला मार्ग आहे. फ्युजिंगचा कोट कॅनव्हासचा म्हणून देणे ही मात्र फसवणूक आहे आणि तिने सगळ्या पेशाचे नाव जाते. कोट देताना सांभाळण्याच्या दोन गोष्टी सांगाव्यात. आपल्याकडे लोकरीचा मोठा शत्रू पावसाळा आहे. ओलीत बुरशी धरते, आणि मळक्या कापडाला कसर लवकर लागते. म्हणून हंगाम संपला की कोट ब्रशने झाडून, स्वच्छ करून, रुंद खांद्याच्या हँगरवर सुती पिशवीत ठेवावा आणि पावसाळ्यात अधूनमधून उन्हाच्या कवडशाबाहेर वारा द्यावा.

या हंगामात प्रत्येक दुकानाने तीन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. पहिले, पाठीच्या मधल्या शिवणीत आणि बगलेच्या शिवणींत इंचभर कापड सोडावे. अंग सुटले किंवा कोट मुलाच्या अंगावर चढवायचा झाला तर तोच उसवून वाढवता येईल. दुसरे, आतल्या खिशाला कापडाची एक पट्टी शिवून तिच्यावर कापडाचे वजन, आत कॅनव्हास आहे की फ्युजिंग, आणि शिवल्याचे साल लिहावे. वीस वर्षांनी तो कोट ज्याच्या टेबलावर येईल त्या कारागिराला त्याचा उपयोग होईल. तिसरे, आपल्याकडच्या निदान एका तरुण कारागिराला लॅपलचे पॅडिंग हाताने शिकवावे. हा हात आज मोजक्या वयस्क मास्टरांपाशी उरला आहे. गिऱ्हाईक जुन्या धाटणीचा कोट मागत आहे तोवरच हा हात पुढच्या पिढीला देता येईल, कारण मागणी असते तेव्हा शिकणाऱ्याला त्याच कामाची मजुरीही मिळते.