पुण्यात ‘सॅप’चा क्लास लावताय? सोयाबीन विकण्याआधी एवढं वाचा

विश्लेषण

‘पोरगं पुण्याला सॅप शिकायला जातो म्हणतंय. म्हणजे नेमकं काय ओ?’ हा प्रश्न सध्या पारावर, आठवडी बाजारात, अगदी एसटीतसुद्धा कानावर येतोय. पदवी झालीय, तालुक्याला नोकरी नाही आणि मोबाइलवर जाहिरात येते: ‘सॅप अबॅप शिका, सहा महिन्यांत आयटीत नोकरी, १०० टक्के प्लेसमेंट.’ फी किती ते जाहिरातीत नसतं. ते फोन केल्यावर कळतं.

ही जाहिरात पूर्ण खोटी आहे का? नाही. पूर्ण खरी आहे का? तर तसंही नाही. भाषा खरी आहे, तिला काम आहे, चांगला पगारही आहे. पण भाषा शिकणं आणि नोकरी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लासवाले या दोन्ही एकाच पावतीवर विकतात. घोळ इथंच आहे.

सॅप म्हणजे काय, अबॅप म्हणजे काय?

सॅप ही जर्मनीची कंपनी. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी ती सुरू केली. मोठ्या कंपन्यांचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर चालवणं, हा तिचा धंदा. समजा, खत कंपनीच्या गोदामातून दहा टनांची गाडी निघाली. गोदामातला साठा कमी व्हायला हवा, दुकानदाराच्या नावानं बिल पडायला हवं, जीएसटी लागायला हवा आणि त्याची उधारी खात्यावर चढायला हवी. एका नोंदीत हे सगळं होतं ते अशा सॉफ्टवेअरमुळे. इंडियन ऑइलसारख्या मोठ्या कंपन्या सॅप वापरतात.

पण प्रत्येक कंपनीची गरज वेगळी. एकाला चलन वेगळ्या नमुन्यात हवं, दुसऱ्याला रोजचा रिपोर्ट वेगळा हवा, तिसऱ्याला जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचाय. त्यासाठी जो प्रोग्राम लिहावा लागतो तो अबॅप या भाषेत. ही सॅपची स्वतःची भाषा आहे. वेबसाइट किंवा साधं मोबाइल ॲप बनवायला ती कोणी वापरत नाही. म्हणजे अबॅप शिकलात तर काम सॅप वापरणाऱ्या कंपन्यांत किंवा त्यांना सेवा देणाऱ्या आयटी कंपन्यांतच मिळणार. गावात बसून दुकानदाराला सॉफ्टवेअर बनवून देऊ, असं यात होत नाही.

२०२७ चं कारण खरं, पण अर्धं

क्लासवाले हमखास सांगतात, ‘२०२७ पर्यंत सगळ्या कंपन्यांना नवीन सॅपवर जायचंय, लाखो माणसं लागणार.’ यातला पहिला भाग बरोबर आहे. सॅपच्या जुन्या आवृत्तीची, म्हणजे ईसीसीची, नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपणार आहे. जादा पैसे भरणाऱ्यांसाठी ती २०३० अखेरपर्यंत आहे. नवीन आवृत्ती एस-फोर हाना २०१५ मध्ये आली, आणि अनेक कंपन्या तिच्यावर जाण्याच्या कामात आहेत.

दुसरा भाग मात्र नीट बघा. चालत्या कंपनीचा हिशेब जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर न्यायचा म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं. चूक झाली तर बिलं थांबतात, गाड्या गेटवर अडकतात. त्यामुळे अशा कामाला कंपन्या आधी अनुभवी माणूस शोधतात. नव्या पोरांना जागा असते, पण थोडी.

त्यात दोन गोष्टींची भर पडलीय. टीसीएसनं २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात मुख्यतः मधल्या व वरच्या पदांवरची माणसं होती. आयटीतली अशी अनुभवी माणसं बाजारात आली की नव्याला रांगेत मागं उभं राहावं लागतं. दुसरी गोष्ट एआयची. सॅपनं स्वतःच ‘जूल’ नावाचा मदतनीस आणलाय, तो अबॅपचा कोड लिहून देतो. नवख्याला सुरुवातीला जी किरकोळ कामं मिळायची, नेमकी तीच तो करतो.

शिकवतात जुनं, लागतं नवं

क्लासमध्ये बऱ्याचदा जुन्या पद्धतीचं अबॅप शिकवलं जातं. ते अगदीच वाया जात नाही, कारण कंपन्यांत जुना कोड भरपूर पडून आहे आणि तो कोणाला तरी सांभाळावा लागतो. पण नव्या आवृत्तीत सीडीएस व्ह्यू, रॅप, फिओरी, अबॅप क्लाउड ही कामाची नावं आहेत. फी भरण्याआधी क्लासवाल्याला सरळ विचारा, ‘यातलं काय शिकवणार? किती तास? सरावाला सिस्टीम कुठली आणि ती कोणाच्या परवान्यावर चालते?’ उत्तर गोलमाल आलं, तर तेच तुमचं उत्तर समजा.

प्रमाणपत्राचंही तसंच. क्लासचं प्रमाणपत्र आणि सॅप कंपनीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र वेगळं. कंपनीचं प्रमाणपत्र ऑनलाइन तपासता येतं. क्लासनं छापून दिलेला रंगीत कागद भिंतीवर लावायला ठीक, मुलाखतीत त्याचं वजन थोडंच.

‘गॅरंटी’ आणि ‘असिस्टन्स’

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असतं आणि पावतीच्या मागं बारीक अक्षरांत ‘असिस्टन्स’. असिस्टन्स म्हणजे तुमचा बायोडाटा चार ठिकाणी पाठवणं. तेवढं केलं की क्लासची जबाबदारी संपली. नोकरीची हमी तोंडी देतात, ती कागदावर मागून बघा.

सगळ्यात मोठा धोका खोट्या अनुभवाचा

कोर्स संपला, नोकरी लागत नाही. मग कोणीतरी हळूच सांगतं, ‘अजून थोडे पैसे द्या, दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखवू.’ खोटं अनुभवपत्र, खोट्या पगारपावत्या, सगळं तयार मिळतं. इथं पाय घसरला तर सावरणं अवघड.

कारण मोठ्या कंपन्या रुजू होण्याआधी किंवा नंतर तपासणी करतात. पीएफच्या यूएएन क्रमांकावर तुम्ही कुठं, कधी काम केलं ते दिसतं. बँकेत पगार जमा झाला का ते बघतात, फॉर्म १६ मागतात. कागद आणि नोंदी जुळल्या नाहीत की लागलेली नोकरी जाते. खोटी कागदपत्रं वापरणं हा गुन्हाही आहे, आणि त्यावर सही पोराची असते, क्लासवाल्याची नाही. अनुभव विकत मिळतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

हप्त्यावर फी, म्हणजे कर्जच

समजा फी एक लाख आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. या भावानं एक लाख म्हणजे जवळजवळ १९ क्विंटल. एकरी सात क्विंटल धरले, तर पावणेतीन एकरांची सगळी रास. हमीभाव हातात पडला तर, आणि त्यात खर्च धरलेला नाही. पुण्यातली खोली, मेस, प्रवास वेगळाच.

एवढे पैसे नसले तर क्लासवाला म्हणतो, ‘बिनव्याजी हप्ते करून देतो.’ बहुतेक वेळा हे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, आधार-पॅन घेऊन मोबाइलवरच मंजूर केलेलं. पैसे एकदम क्लासला मिळतात, हप्ते तुमच्या खात्यातून जातात. क्लास आवडला नाही, मध्येच सोडला, किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता सुरूच. थकला की सिबिल खराब. बाप सहकर्जदार असेल तर त्याचंही. पीक कर्जाला सिबिल बघू नका, असं सरकार बँकांना सांगत असतं, तरी शाखेत काय अनुभव येतो ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

ओटीपी देण्याआधी विचारा, ‘हे कर्ज कोणत्या कंपनीचं आहे?’ रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार डिजिटल कर्जात सगळा खर्च दाखवणारं माहितीपत्रक द्यावं लागतं. सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परत करण्याची सोयही असते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरला की सुटका. ही मुदत किती ते आधी विचारून घ्या.

मग करायचं काय?

पेरणीआधी आपण काय करतो? ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो. सत्तर उगवले तर बियाणं पेरायचं, नाहीतर बदलायचं. इथंही आधी उगवण तपासा.

१. सॅपच्या स्वतःच्या शिकवणीच्या संकेतस्थळावर अबॅपचे सुरुवातीचे धडे मोफत आहेत. ‘सॅप लर्निंग’ असं शोधा. धडे इंग्रजीत आहेत, पण यूट्यूबवर हिंदीत समजावणारे भरपूर आहेत. वाचायला मोबाइल चालतो, कोड लिहायला मात्र लॅपटॉप लागतोच. सरावासाठी ठरावीक मुदतीची मोफत सिस्टीमही मिळते.

२. दोन महिने रोज दोन तास बसा. सोबत एसक्यूएल शिका, ते सॅपबाहेरही कामाला येतं. दोन महिन्यांनी साधा रिपोर्ट स्वतः लिहिता आला आणि गोडी लागली, तरच पैशाचा विचार करा. कंटाळा आला तर लाख रुपये वाचले म्हणायचे.

३. बीसीए, बीएस्सी, इंजिनिअरिंग झालेल्यांनी आधी कंपन्यांचा सरळ रस्ता बघा. टीसीएसची एनक्यूटी परीक्षा आहे. विप्रोच्या ‘विल्प’ योजनेत बीसीए-बीएस्सीवाल्यांना नोकरी करत एम.टेक. करता येतं. त्यात काही वर्षांचा करार असतो, अटी वाचून सही करा. मोठ्या कंपन्या निवडलेल्या पोरांना पगार देऊन शिकवतात. तीच गोष्ट पैसे भरून शिकण्याआधी हा रस्ता आजमावलाच पाहिजे.

४. बी.कॉम. झालेल्यांनी किंवा चाकण-रांजणगावला कंपनीत स्टोअर, खरेदी, अकाउंट्समध्ये असलेल्यांनी अबॅपच्या मागं लागू नये. तुमच्या कंपनीत सॅप असेल तर ते रोज वापरून पक्कं करा. हिशेबाचं एफआयसीओ, मालाचं एमएम ही मॉड्युलं तुमच्या कामाची. तुमचा अनुभव खरा आहे, तो कोणाकडून विकत घ्यावा लागत नाही.

५. सारथी, बार्टी, महाज्योती, अमृत या संस्था आपापल्या गटांतल्या तरुणांना मोफत प्रशिक्षण देतात. दरवेळी विषय बदलतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

६. क्लास लावायचाच ठरला, तर तिथून गेल्या वर्षी शिकून गेलेल्या तिघांना स्वतः गाठा. क्लासनं दिलेल्या नंबरवर नाही, तुम्ही शोधलेल्या नंबरवर. फी टप्प्याटप्प्यानं भरा, प्रत्येक वेळी पावती घ्या, फी परत मिळण्याची अट लेखी घ्या.

फसलातच तर

गप्प बसू नका. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बंदी आहे. कोचिंग क्षेत्राच्या फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढली, तिच्यात नोकरीच्या खोट्या हमीचा स्पष्ट उल्लेख आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. क्लास पुण्याचा असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, पुरावा तोच.

पोरांनी पुण्याला जाऊच नये, असं आमचं म्हणणं नाही. शिकलेल्यांचं भलं झाल्याची उदाहरणं आपल्याच तालुक्यांत आहेत. म्हणणं एवढंच, की आधी दोन महिने घरी बसून फुकट शिकून बघा. रास कुठं जात नाही.