ना पाणी, ना 'तोडपाणी'!

गटारी, धुळवड किंवा ३१ डिसेंबरची रात्र आली की मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकच्या रस्त्यांवर नाकाबंदी लागते आणि किती तळीराम जाळ्यात सापडले याचे आकडे दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होतात. या आकड्यांइतकेच दोन समजही दरवर्षी निष्ठेने जपले जातात. भरपूर पाणी प्यायले की यंत्रात काही दिसत नाही, हा पहिला. आणि पकडले गेलेच तर जागच्या जागी 'तोडपाणी' करता येते, हा दुसरा. पहिला समज शरीरशास्त्राच्या अज्ञानातून आला आहे, दुसरा कायद्याच्या. दोन्हींची किंमत मात्र अनेकदा रस्त्यावरचा तिसराच कोणी मोजतो.

पहिल्या समजाचा विचार आधी करू. रक्तात मिसळलेले मद्य नाहीसे करण्याचे काम मुख्यतः यकृत करते. त्याचा वेग सर्वसाधारणपणे दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. माणसागणिक तो थोडा कमीअधिक होतो. पाणी, लिंबूसरबत, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. श्वासचाचणीचे यंत्रही तोंडाचा वास घेत नाही. फुफ्फुसांतून खोलवरून येणाऱ्या हवेतील अल्कोहोल मोजून ते रक्तातील प्रमाणाचा अंदाज देते. त्यामुळे वेलची किंवा पान चघळून समोरच्या हवालदाराचे नाक फसेल, यंत्र फसणार नाही.

मग पाण्याला काहीच महत्त्व नाही काय? आहे, परंतु ते वेगळे आहे. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला मद्य दडपते. म्हणून लघवी वाढते, घसा कोरडा पडतो आणि सकाळी डोके ठणकते. जेवणासोबत आणि दोन पेल्यांच्या मधे पाणी घेतल्यास पिण्याचा वेग मंदावतो, तहान मद्यावर भागवली जात नाही आणि दुसऱ्या दिवशीचा त्रासही कमी होतो. मात्र बरे वाटणे म्हणजे शुद्धीवर असणे नव्हे. रात्री एक वाजता रक्तात १२० मिलिग्रॅम अल्कोहोल असेल, तर या हिशेबाने सकाळी सहाला ४५ मिलिग्रॅम शिल्लक राहते. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पाणी पिऊन, झोप काढून पहाटे गाडी काढणारा माणूसही त्यामुळे गुन्हेगार ठरू शकतो.

पाण्याची सवय मद्य न घेणाऱ्या चालकालाही तितकीच आवश्यक आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने लांबच्या प्रवासात पाणी टाळले जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हे टाळणे थकवा आणि एकाग्रतेचा अभाव यांना आमंत्रण देते. दर दोन तासांनी थांबावे, चार पावले चालावे आणि पाणी प्यावे, ही साधी शिस्त सुरक्षित वाहनचालनाचाच भाग मानली पाहिजे.

आता दुसरा समज. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार मद्यपान करून वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा गुन्हा केल्यास कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड १५ हजार रुपये. दंडाची ही वाढ २०१९ च्या दुरुस्तीने झाली. जागेवर तडजोड शुल्क भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत हा गुन्हा नाही. त्याचा निवाडा न्यायालयातच होतो. रस्त्यावर हातात दिलेली रक्कम म्हणूनच दंड नसते, लाच असते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

नागरिकाचे खरे संरक्षण कायद्याने आखलेल्या प्रक्रियेत आहे. श्वासचाचणी गणवेशातील पोलिस किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारीच मागू शकतो आणि त्यासाठी वाजवी संशय असावा लागतो. परवाना आणि कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी चालतात. कायदा श्वासाचे 'एक किंवा अधिक' नमुने घेण्याची तरतूद करतो. औषध किंवा माउथवॉशमधील अल्कोहोल तोंडात राहिल्याने आकडा काही मिनिटे फुगू शकतो. अशा वेळी चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणीची विनंती करणे रास्त ठरते. अटक झालीच, तर पोलिस ठाण्यात श्वासाचा नमुना देण्याची संधी मिळाली पाहिजे. चालक स्त्री आणि डॉक्टर पुरुष असल्यास रक्ताचा नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. अटकेचे कारण समजणे, नातेवाइकाला कळवले जाणे आणि वकील गाठणे हे हक्क तर प्रत्येक आरोपीचे आहेत. गुन्हा जामीनपात्र आहे.

फुंकर मारण्यास नकार देणे मात्र शहाणपणाचे नाही. मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल, तर नकारानंतर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि सबळ कारण नसल्यास तो नकार न्यायालयात आरोपीच्या विरोधात जाऊ शकतो.

या सगळ्यात कळीची तरतूद आहे ती वेळेची. कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे; अन्यथा आरोपीला सोडावे लागते. ही तळीरामांना दिलेली सवलत आहे, असा अनेकांचा ग्रह असतो. वस्तुस्थिती उलट आहे. यकृताचे घड्याळ थांबत नाही. आठ तासांच्या विलंबात १२० मिलिग्रॅम पुरावा आपोआप पुसला जातो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव पोर्श मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना अपघातानंतर कित्येक तासांनी घेतला गेला आणि तोही ससून रुग्णालयात बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. प्रक्रिया ढिली पडली की निरपराध भरडला जातो आणि पैसेवाल्या आरोपीला वाट मिळते, ही धास्ती त्या प्रकरणाने सर्वांसमोर आणली.

न्यायालयांची भूमिकाही समजून घेण्याजोगी आहे. तोंडाला येणारा वास, अडखळती चाल किंवा विस्फारलेल्या बाहुल्या हा मद्यपानाचा निर्णायक पुरावा नव्हे, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात म्हटले. दुसरीकडे, २००७ मध्ये दिल्लीत झालेल्या अपघाताच्या विमा दाव्यात २०२१ साली याच न्यायालयाने चाचणीअभावीही विमा कंपनी अन्य पुराव्यांवरून मद्यपान सिद्ध करू शकते, असा निर्वाळा दिला. म्हणजे फौजदारी खटल्यातून सुटलेला चालक भरपाईलाही पात्र ठरेलच, असे नाही.

तेव्हा सरकारने नाकाबंदीच्या रात्री केवळ यंत्रे वाटून थांबू नये. ती यंत्रे वेळच्या वेळी तपासलेली असावीत, रात्रपाळीला डॉक्टर उपलब्ध असावा आणि नमुन्याचा प्रवास पोलिस ठाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत नोंदलेला असावा. नागरिकांनीही आपले हक्क जरूर जाणून घ्यावेत. पण मद्य घेऊन गाडी चालवण्याचा हक्क त्यांत कोठेही नाही. प्यायचे असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवणे आणि परतीसाठी रिक्षा, टॅक्सी किंवा न पिणारा सोबती आधीच ठरवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाण्याची बाटली सोबत असावीच. मात्र ती तहानेसाठी, बचावासाठी नव्हे.