प्रत्यारोपणानंतरचा खोकला

किडनी प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीचा खोकला कधीच ‘साधा’ समजू नये. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड अशी औषधे रोज घ्यावी लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. त्यामुळे न्यूमोनिया झाला तरी ताप बेताचाच असू शकतो आणि निदानाला उशीर होतो.

अशा वेळी औषध दुकानातून परस्पर गोळ्या आणणे महागात पडते. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढून किडनीला इजा होऊ शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन ते प्रमाण घटवते. अंगदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेनही किडनीला घातकच. काही जण ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ म्हणून प्रत्यारोपणाच्या गोळ्याच बंद करतात. मग शरीर किडनी नाकारू शकते. डोस बदलण्याचा निर्णय प्रत्यारोपण केंद्रातील डॉक्टरांचाच.

१००.४ अंश फॅरनहाइट ताप किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, सर्व औषधांची यादी दाखवावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, मात्र नाकातून देण्याची नव्हे.

शासनाचीही जबाबदारी आहेच. टॅक्रोलिमसची पातळी तपासण्याची सोय जिल्हा रुग्णालयांतही हवी. आईने किंवा पत्नीने दिलेली किडनी खोकल्यावरच्या एका चुकीच्या गोळीने गमावली जाऊ नये.