जाण्याआधी विचारायचं कुणाला?

बालदोस्तांनो, पावसाळ्यात भोरहून महाडला जायचं असेल, तर वरंधा घाट सुरू आहे का, हे आधी विचारावं लागतं. दरडी कोसळतात, रस्ता खचतो, मग प्रशासन वाहतूक बंद करतं. पण विचारायचं कुणाला? "मी मे महिन्यात गेलो होतो, काही होत नाही," असं सांगणारे मामा खोटं बोलत नाहीत. त्यांची माहिती शिळी असते, इतकंच. वाटेवरचा हॉटेलवाला तर "या बिनधास्त" म्हणणारच. त्याला गिऱ्हाईक हवं ना! त्यापेक्षा एसटी स्टँडवर चौकशी करा. घाटात गाडी सोडायची की नाही, हे त्यांना रोज ठरवावं लागतं.

परदेशी जातानाही हेच, बरं का!

युक्रेनमध्ये आपली हजारो मुलं डॉक्टरकी शिकत होती. महाराष्ट्रातलीही होती. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हच्या भारतीय दूतावासानं सूचना काढली : राहणं गरजेचं नसेल त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. सरकारी भाषा ही अशी मवाळ असते! पण तास बुडाले तर? मुलं विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहत राहिली. २२ तारखेला दूतावासानं पुन्हा बजावलं, की ऑनलाइन वर्गांची वाट पाहू नका, निघा. २४ तारखेला युद्ध पेटलं आणि विमानं बंद झाली. मग कडाक्याच्या थंडीत सीमा गाठून, 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी मुलं घरी आली.

म्हणून सल्ला ऐकताना तीन प्रश्न विचारायचे. सांगतंय कोण? कधीचं सांगतंय? आणि त्यात त्याचा फायदा काय? आपण अडकलो तर सोडवायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचा शब्द जड मानायचा. मग तो कितीही हळू बोललेला असो.

परराष्ट्र मंत्रालय आणि त्या त्या देशातला आपला दूतावास यांच्या संकेतस्थळांवर अशा सूचना असतात. वाचताना तारीख आधी बघा हं! आखातात नोकरी लावून देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, पुढचं बघू," असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबायचं.

तुमच्या घरातलं, आळीतलं कुणी परदेशी निघालंय? मग या रविवारी एक काम करा. तिथल्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि फोन नंबर शोधा, सुवाच्य अक्षरात कागदावर लिहा आणि त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवून द्या. एवढं कराल ना?