घंटा कोण देणार?

दरवर्षी ५ सप्टेंबरला आम्हा शिक्षकांचे कौतुक होते. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल. भाषणांत ‘पिढी घडवणारे हात’ वगैरे. हे सारे घ्यायला आवडते, नाही म्हणणार नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत ३४ वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मला जी माणसे वारंवार आठवतात, त्यांच्या वाट्याला कॅलेंडरातला एकही दिवस आलेला नाही.

मी १९८९ च्या जूनमध्ये नोकरीला लागले तेव्हा चाचणीचे पेपर स्टेन्सिलवर कोरून सायक्लोस्टाइल यंत्रावर काढावे लागत. शाई किती घालायची, हे फक्त आमच्या शिपाईमामांना कळे. दुसऱ्या कुणी हात लावला की कागदापेक्षा पदरावरच जास्त छापले जाई! घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. मुले आमच्या घड्याळावर नव्हे, मामांच्या टोलावर चालत.

पण मामांचे खरे काम नोकरीच्या कोणत्याच कागदावर नव्हते. कोण डबा न आणता येतो, कुणाच्या घरी दारूवरून भांडणे होतात, कोणत्या वस्तीवरची मुले ओढ्याला पाणी आले की अडकतात, हे सारे त्यांना तोंडपाठ. नववीतली एक मुलगी सलग चार दिवस आली नाही. आम्ही कॅटलॉगमध्ये गैरहजेरी मांडत होतो. मामांनी मात्र घरी जाताना सायकल तिच्या वस्तीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मराठीच्या बाईंपाशी येऊन हळूच म्हणाले, “बाई, पोरीचं लगीन ठरवायला लागल्यात.” मुख्याध्यापकांकडे न जाता ते बाईंकडेच का गेले? कारण त्या घरात कुणाचा शब्द चालेल, हे त्यांना ठाऊक होते. बाई तीन संध्याकाळी तिच्या आईपाशी जाऊन बसल्या. मुलगी दहावी झाली, पुढे शिकली. आज ती नर्स आहे. त्या वर्षीच्या आमच्या निकालपत्रकात ती एक आकडा म्हणून गेली, इतकेच.

आमचे क्लार्क, म्हणजे भाऊसाहेब, स्वभावाने तिरसट. फी भरायला आलेल्या पालकांना ते बसवून ठेवीत, ही तक्रार खरीच होती. पण जनरल रजिस्टराला त्यांनी कधी ओला हात लागू दिला नाही. पावसाळ्यात खोली गळे, तेव्हा आधी रजिस्टरे हलत, मग टेबल. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभरच्या जुन्या शाळांची रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. जिथे पाने शाबूत निघाली, तिथे असा कुणीतरी तिरसट भाऊसाहेब होऊन गेलाच असणार.

बदल तर किती पाहिले! शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. २००८ पासून पोषण आहार आठवीपर्यंत आला आणि शाळेच्या मागे चूल पेटली. तुटपुंज्या मानधनावर शेदीडशे मुलांची खिचडी शिजवणाऱ्या ताईंना कोणत्या मुलाला दुसऱ्यांदा वाढायचे, हे न विचारता कळे. २०१५ मध्ये ‘सरल’ आले. प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर भरायची, आणि मी पन्नाशीला टेकलेली. माझ्या मदतीला धावला तो माझाच जुना विद्यार्थी. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढून तो आमच्यात कायम झाला होता. रात्री नेट जरा बरे चाले, म्हणून तो दहा-दहापर्यंत थांबून माझ्या वर्गाची माहिती भरी. वर “बाई, आता तुम्ही विद्यार्थिनी” म्हणून हसे.

हे सगळे आज लिहावेसे वाटण्याचे कारण मात्र निराळे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने असा निर्णय काढला, की अनुदानित शाळांतला शिपाई निवृत्त झाला की ते पद संपेल आणि त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळेल. ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. वेतनाचा बोजा वाढतो आहे, हे मलाही समजते; गणितच शिकवत होते मी. पण हा हिशेब मांडताना शिपाई म्हणजे खोल्या झाडणारा आणि घंटा देणारा, एवढेच धरलेले दिसते. ती दोन कामे पाच हजारांत होतीलही. सायकल वस्तीकडे वळवण्याचे काम कशात धरायचे? त्यासाठी माणूस त्या शाळेत दहा-वीस वर्षे मुरावा लागतो. उद्याची शाश्वती नसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची? पद टिकवा, हवे तर कामाची यादी नव्याने लिहा, आणि त्या यादीत पहिली ओळ ‘गैरहजर मुलांची चौकशी’ ही घाला, असे माझे म्हणणे आहे.

आमचे मामा २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. आता शाळेत विजेची बेल आहे. वीज गेली की वर्गप्रतिनिधी हातोडी घेऊन कडुलिंबाकडे धावतो. भत्त्यावर ठेवलेला मुलगा चांगला आहे, कामसू आहे. परवा भेटला तेव्हा सांगत होता, दिवाळीनंतर तो चाकणला एका कंपनीत लागणार आहे.