मानवजातीचे वकीलपत्र

परग्रहावरचे कोणी बलाढ्य येतात, मानवजात नष्ट करण्याच्याच लायकीची आहे असे ठरवतात, आणि अखेरच्या क्षणी एक माणूस उभा राहून आपल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. विज्ञानकथांच्या वाचकाला हा प्रसंग इतका परिचयाचा आहे की भाषणातला पुढचा मुद्दा तो आधीच सांगू शकेल. आम्ही युद्धे केली हे खरे. पण आम्ही संगीतही रचले, आमच्यातली आई लेकरासाठी जीव देते, आम्ही अजून लहान आहोत, शिकतो आहोत. मग समोरचे विरघळतात. या भाषणांविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. ती परग्रहवासीयांसाठी नसतातच. ती आपणच आपल्या पाठीवर मारलेली थाप असते, आणि न्यायाधीशही लेखकाने आपल्याच घरातून आणून बसवलेला असतो. म्हणून मला या प्रकारातली वाचनीय भाषणे वाटतात ती फसलेली.

हा प्रकार विज्ञानकथेहून जुना आहे. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) गलिव्हर ब्रॉब्डिंगनॅगच्या महाकाय राजापुढे इंग्लंडची थोरवी गातो. एकदा नव्हे, पाच बैठकांत, प्रत्येक बैठक कित्येक तासांची. राजा निमूटपणे टिपणे काढतो आणि सहाव्या बैठकीत प्रश्न विचारू लागतो. निवडणुकीत पैसेवाला परका मते फिरवू शकतो का? न्याय मिळायला किती काळ आणि किती खर्च लागतो? (हे प्रश्न वर्गात वाचले की मुले हसतात. का हसतात, ते सांगावे लागत नाही.) राजाचा निकाल अर्थातच प्रतिकूल आहे. पण स्विफ्टचा खरा घाव पुढे बसतो. राजाची मर्जी संपादण्यासाठी गलिव्हर त्याला तोफेच्या दारूचे गुपित देऊ करतो. पाच बैठकांत जे झाकले होते ते या एका नजराण्यात उघडे पडते, आणि राजा हादरला तर गलिव्हरला त्याचाच कोतेपणा दिसतो!

रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘हॅव स्पेस सूट – विल ट्रॅव्हल’ (१९५८) या कुमार-कादंबरीतही खटला आहे. किप नावाच्या मुलाला आकाशगंगांच्या न्यायासनापुढे मानवजातीच्या बाजूने बोलावे लागते. त्याच्याआधी ज्या क्रूर परग्रहवासीयांचा निवाडा झाला, त्यांनी बचाव म्हणून न्यायासनालाच धमकावले होते. किपही संतापाच्या भरात तेच करतो: घ्या आमचा सूर्य काढून, आम्ही नवा बनवू आणि एक दिवस तुम्हांला शोधत येऊ. हाइनलाइनला हा बाणेदारपणा वाटत असावा. मला आधीच्या आरोपींची कैफियत आणि ही यांत फारसा फरक दिसत नाही. मानवजातीला पुढे मुदत मिळते, पण त्यात तिची बाजू घेणाऱ्या एका परग्रहीय जीवाचा वाटा मोठा आहे. असो.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सी. एस. लुईसच्या ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’मधला (१९३८) शेवटाकडचा प्रसंग. भाषा शिकवणाऱ्यांनी तर तो वाचायलाच हवा. मंगळाचा अधिपती ओयार्सा याच्यापुढे वेस्टन हा शास्त्रज्ञ उभा आहे. त्याच्या टोळीने तिथल्या एका सुज्ञ जीवाला गोळी घालून ठार केले आहे. वेस्टन भित्रा नाही. मानवजातीसाठी मरायला तो तयार आहे. तो भव्य इंग्रजीत बोलू लागतो: संस्कृती, विज्ञान, जीवनाची आगेकूच, दुबळ्यांना बाजूला सारण्याचा बलवंतांचा हक्क. मात्र त्याला तिथली भाषा मोडकीतोडकीच येते. म्हणून दुभाषा होतो रॅन्सम, पेशाने भाषाशास्त्रज्ञ. त्या भाषेत ‘संस्कृती’, ‘प्रगती’, ‘नियती’ असले शब्दच नाहीत. मग रॅन्समला प्रत्येक शब्दाचा अर्थ घटनांत उलगडून सांगावा लागतो. सैन्य म्हणजे एका प्रदेशातल्यांनी दुसऱ्या प्रदेशातल्यांना मारायचे, आणि त्यासाठी काहींना शिकवून तयार करायचे. वास्तुकला म्हणजे दगडांच्या मोठ्या, भक्कम झोपड्या. वाहतूक म्हणजे जड वस्तू भरभर लांब नेता येणे. शेवटी वेस्टनच्या तत्त्वज्ञानाच्या ऐन शिखरावर रॅन्सम दोन-तीनदा वाक्य जुळवून मोडतो आणि कबूल करतो की हे तुमच्या भाषेत सांगताच येत नाही. मानवजातीचा बचाव पडतो तो असा, भाषांतराच्या पायरीवर ठेचकाळून.

आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतो: रॅन्सम तटस्थ दुभाषा नाही. तो ज्या घटना निवडतो त्याच पुढे येतात. अशा चाळणीतून लुईसची स्वतःची धर्मश्रद्धा तरी धडपणे बाहेर पडली असती का? मी एकदा पदव्युत्तर वर्गाला असेच काम दिले होते. ‘प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन हा विकासप्रक्रियेचा अविभाज्य भाग आहे’ हे वाक्य आजीला कळेल असे लिहा. एका विद्यार्थिनीने लिहिले: ‘धरणात ज्यांचं गाव बुडालं त्यांना दुसरीकडे घरं देणार म्हणतायत, कधी, ते सांगत नाहीत.’ शेवटचा तुकडा मूळ वाक्यात नाही, हे मी दाखवून दिले. ती म्हणाली, “नाही म्हणूनच घातला, सर.” मी गुण कापले नाहीत. रॅन्समविषयी माझे मत त्या दिवसापासून थोडे सौम्य झाले.

तरीही, त्याचे भाषांतर पूर्वग्रहदूषित आहे असे धरून चालले, तरी त्यातून एक गोष्ट शाबूत सुटते आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वेस्टनने केलेल्या गणतीत विज्ञानानंतर येते वैद्यक. रॅन्सम त्याचाही अर्थ उलगडतो. आमच्याकडे जिवंत शरीराला वेदना होतात, ते अशक्त होते, आणि ते थांबवावे कसे हे आम्हांला कधी कधी कळते. इथे हसू येत नाही. झोपड्या हास्यास्पद होतात, सैन्य भयानक होते. हे वाक्य मात्र लहान होऊनही उभे राहते, आणि ते त्या ‘कधी कधी’मुळे अधिकच खरे वाटते. ओयार्सापुढे एवढेच बोलून कुणी खाली बसले असते तर? वेस्टनला मात्र तिथे थांबण्यासारखे काहीच दिसत नाही. त्याच वाक्यात तो पुढे कायद्याकडे सरकतो, आणि तिथून सैन्याकडे.