हिल्फुल फुजूल फक्त खुतब्यापुरता?

गडचिरोलीचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्ये ठरलेले वाक्य येते : ‘वो जंगल का मामला है, अपना क्या ताल्लुक?’ मी भद्रावतीत राहतो. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत गडचिरोली आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. ज्या गावाबाहेर दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा आहे, त्या गावाने तरी ‘युद्धाशी आपला काय संबंध’ असे विचारू नये.

सरकारी भाषेत त्याला युद्ध म्हणत नाहीत. पण 8 ऑक्टोबर 2009 रोजी लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. एप्रिल 2018 मध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीत 40 जण गेले. 1 मे 2019 रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मेला. या तारखांच्या मधे, खबऱ्या ठरवून मारलेले आणि नक्षल समर्थक ठरवून उचललेले आदिवासी आहेत. त्यांच्या तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

15 ऑक्टोबर 2025 रोजी भूपतीने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. चांगले झाले. पण शस्त्र ठेवलेला माणूस उद्या गावी परतेल. त्याच गावात ज्याचा बाप खबऱ्या म्हणून मारला गेला तो मुलगा असेल आणि शहीद पोलिसाची विधवाही असेल. त्यांना समोरासमोर बसवणार कोण? पुनर्वसन योजनेत घर मिळते, पैसे मिळतात. माफी आणि भरवसा तिथे मिळत नाही. हे धर्माचे काम आहे आणि धर्माची माणसे गैरहजर आहेत.

हिल्फुल फुजूलचा किस्सा आपण दर रबीउल अव्वलला ऐकतो. फिजारची लढाई संपली होती. यमनच्या जबीदहून आलेल्या व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका सरदाराने घेतला आणि दाम बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही लोकांनी करार केला की, मजलूम कुणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहायचे. हजरत मुहंमद (स.) त्यात सामील होते. नुबुव्वतच्या आधीची गोष्ट. करार करणारे मूर्तिपूजक होते, व्यापारी परका होता. इस्लामच्या काळातही असे बोलावणे आले तर मी जाईन, असे पैगंबरांनी नंतर सांगितले. मग त्यांच्या उम्मतीला माडिया आदिवासी परका कसा?

हे फक्त सीरतच्या पुस्तकात घडते असे नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात 2013 मध्ये सत्तापालट झाला आणि ख्रिश्चन-मुस्लिम कत्तली सुरू झाल्या. डिसेंबरमध्ये राजधानी बांगीत इमाम ओमर कोबिन लायामा यांच्या जिवावर बेतले, तेव्हा आर्चबिशप दियदोने न्झापालाइंगा यांनी त्यांना कुटुंबासह स्वतःच्या निवासात ठेवले. काही दिवस नव्हे, अनेक महिने. हे दोघे आणि पास्टर निकोला गेरेकोयामे-गबांगू एकत्र गावोगाव फिरले. हे धर्मयुद्ध नाही, हे आपापल्या लोकांना त्यांनी तोंडावर सांगितले. युद्ध त्यामुळे लगेच संपले नाही. पण सूड घ्यायला निघालेल्या जमावाला आपल्याच धर्मगुरूला ओलांडून जावे लागले, आणि ते सोपे नसते.

आपल्या शेजारचे उदाहरणही आहे. गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूरमध्ये एप्रिल 2021 मध्ये माओवाद्यांनी पकडलेल्या जवानाला सोडवायला नव्वदी ओलांडलेले, विनोबांचे शिष्य धरमपाल सैनी जंगलात गेले. सोबत गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया होते. जवान जिवंत परतला.

यावर आपला खरा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही : मुसलमान गडचिरोलीवर बोलला की त्याच्यावर दोन शिक्के बसतात. एकटा मौलाना एटापल्लीला गेला तर रात्रीपर्यंत चौकशी लागेल. पण म्हणूनच एकट्याने जायचे नाही. भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी आहेत, जैन मंदिर आहे, भद्रनागाचे देऊळ आहे, मशीद आहे. भन्ते, महाराज, पाद्री आणि इमाम एकाच गाडीतून गेले आणि गावातला पेरमा त्यांच्यासोबत बसला, तर संशय कुणावर घेणार? सर्वधर्म म्हणजे व्यासपीठावरची सजावट नव्हे. भित्र्या काळात ती एकमेकांची ढाल आहे.

आपण मात्र ती ढाल शांतता समितीच्या बैठकीत भिंतीला टांगून ठेवली आहे. गणपती-ईदच्या आधी पोलीस बोलावतात, आपण जातो, चहा घेतो, मिरवणुकीची वेळ ठरते, फोटो निघतो. बोलावल्याशिवाय आपण कधी गेलो?

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या उलेमांना आणि मशीद कमिट्यांना माझे सांगणे साधे आहे. दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांच्या घरी जा. पोलिसाच्या, खबऱ्याच्या आणि नक्षलवाद्याच्याही. परतणाऱ्याला गाव स्वीकारत नसेल तर गावासोबत बसा. निरपराध तुरुंगात असेल तर वकील द्या. आणि हे करायचे नसेल, तर पुढच्या रबीउल अव्वलला हिल्फुल फुजूलचा किस्सा सांगू नका.